पटकथालेखनाचे शिक्षण

पटकथालेखनाचे शिक्षण : गोष्ट प्रसंगांत बांधून, पडद्यावर दिसेल आणि ऐकू येईल तेवढेच कागदावर उतरवण्याच्या कौशल्याचे शिक्षण. ‘त्याला आईची आठवण आली’ हे वाक्य कादंबरीत चालते; पटकथेत त्या वेळी त्याने काय केले ते लिहावे लागते. नवशिक्यांची पहिली अडचण बहुधा इथेच होते.

भारतात नाटककार, कवी आणि कथाकार ही विद्या दीर्घकाळ कामावरच शिकले. ग. दि. माडगूळकरांनी गीतांच्या जोडीने पटकथाही लिहिल्या, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चे (१९५७) लेखन त्यांचेच. विजय तेंडुलकर नाटककार म्हणून गाजल्यावर या माध्यमाकडे वळले आणि श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’च्या (१९७६) पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले.

रूपांतर शिकायचे तर तेंडुलकरांच्या पटकथांइतका भरघोस धडा मराठी वाचकाला क्वचितच सापडेल. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे. मुख्यमंत्री, खुर्चीवर डोळा ठेवून असलेला अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्करांचे जग अशी कितीतरी सूत्रे त्यात आहेत. ती एकत्र राहतात ती निळू फुले यांनी साकारलेल्या दिगू टिपणीस या पत्रकारामुळे. पत्रकाराला सगळीकडे शिरकाव असतो, त्यामुळे त्याच्या मागोमाग प्रेक्षकही सगळीकडे पोचतो. ‘अर्धसत्य’चे (१९८३) गणित उलटे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या एका कथेतून तिथे पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला आहे. मूळ साहित्यकृती शेजारी ठेवून चित्रपट पुन्हा पाहायचा आणि काय गाळले, काय जोडले, कोणता प्रसंग कुठे सरकला, हे वहीत टिपत जायचे. हा अभ्यास फुकट आहे आणि बऱ्याच महागड्या शिबिरांपेक्षा उपयोगी.

संस्थात्मक शिक्षणाचे ठळक केंद्र म्हणजे पुण्यात १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत सुरू झालेली, आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. तिथे पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. जगभरच्या वर्गांत शिकवला जाणारा तीन अंकांचा आराखडा रूढ केला तो अमेरिकी लेखक सिड फील्ड यांच्या ‘स्क्रीनप्ले’ (१९७९) या पुस्तकाने : साधारण १२० पाने, पहिली ३० मांडणीची, मधली ६० संघर्षाची, शेवटची ३० उकलीची. या हिशेबात मध्यंतर मात्र नाही. आपल्याकडे प्रेक्षक बटाटेवडा घेऊन परत यायला हवा असतो. म्हणून इथल्या लेखकाला बरोबर मध्यावर एक जबर वळण योजावे लागते आणि आयात केलेला आराखडा तिथे अपुरा पडतो.

लेखनाचे टप्पे ठरलेले आहेत. आधी दोन-चार ओळींत गोष्ट, मग प्रसंगांची यादी म्हणजे ‘वनलाइन’, त्यानंतर संवादांसह पूर्ण मसुदा. प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, स्थळ कोणते, दिवस की रात्र, हे लिहितात. ही केवळ शिस्त नव्हे. सहायक दिग्दर्शक त्यावरूनच चित्रीकरणाचे वेळापत्रक लावतो. एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, हा ठोकताळा आहे. निर्मात्यापुढे पटकथा वाचून दाखवणे, म्हणजे ‘नॅरेशन’, हेही एक कसबच. उत्तम लिहिणारे कित्येकजण तिथे अडखळतात.

दैनंदिन मालिकांचे काम वेगळ्या चालीचे असते. कथा, पटकथा आणि संवाद अनेकदा तीन वेगळ्या हातांनी लिहिले जातात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता सुमारे २२ मिनिटे उरतात आणि शेवटी प्रेक्षकाला उद्यापर्यंत टांगून ठेवणारा ‘हुक’ लागतो. वेग आणि मुदत पाळण्याची सवय इथे लागते. पात्राला शांतपणे वाढू देण्याची सवड मात्र फारशी मिळत नाही.

पदवीवाचूनही मोठी मजल मारता येते. चैतन्य ताम्हाणे यांनी चित्रपटसंस्थेत शिक्षण घेतलेले नाही. ‘कोर्ट’साठी (२०१४) त्यांनी न्यायालयांत बसून कामकाज पाहिले. पुढे ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

शिकणाऱ्याला थोडा कायदाही माहीत असावा लागतो. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे लेखक आपली संहिता नोंदवतात; अमुक तारखेला ती अस्तित्वात होती, याचा तो पुरावा. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच स्पष्ट केले : हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. त्या निकालात नाटककाराची हार झाली.