सुतारकामाची हत्यारे : नवशिक्याचा संच

सुतारकाम नव्याने शिकणाऱ्याने थोड्या खर्चात जमवावयाची हातहत्यारे. लाकूड मोजणे, आखणे, कापणे, रंधणे, खाच पाडणे, सांधणे आणि घासणे ही कामे ज्यांनी होतात, त्यांचाच येथे मुख्यत्वे विचार केला आहे. हत्याराची उपयुक्तता त्याच्या किमतीपेक्षा धारेवर अधिक अवलंबून असते. म्हणून धार लावण्याच्या साधनांना या नोंदीत अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुताराची गणना बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत होई. बलुतेदारांच्या याद्या प्रदेशपरत्वे बदलतात. मात्र सुताराचे नाव बहुतेक सर्व याद्यांत आहे. बलुतेदारीच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात मिळते. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, दारे-खिडक्या ही सुताराची कामे असत. वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार), करवत, रंधा, पटाशी, किकरे, सामता आणि गिरमिट (दोन्ही छिद्रे पाडण्याची) ही त्याची नेहमीची हत्यारे. तो जमिनीवर बसून, लाकूड पायांत धरून काम करी. पाती लोहाराकडची असत, तर दांडे व रंध्याचे ठोकळे तो स्वतःच बाभूळ, शिसव अशा कठीण लाकडाचे करी. पैसा फक्त पोलादासाठी मोजावा आणि उरलेले हातांनी करावे, हा त्याचा हिशेब नवशिक्याला आजही लागू पडतो.

लोखंडी रंध्याची आज रूढ असलेली घडण अमेरिकेतील लेनर्ड बेली याने 1860 च्या दशकात विकसित केली. त्याचा व्यवसाय स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये विकत घेतला. भारतात मिळणारे बहुतेक लोखंडी रंधे याच घडणीचे आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात कारागीर प्रशिक्षण योजनेतून (1950) औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये (आयटीआय) सुतारकामाचे शिक्षण सुरू झाले. हा अभ्यासक्रम आता एक वर्षाचा आहे आणि त्याची सुरुवात हातहत्यारांनीच होते. वर्ध्याच्या 1937 च्या परिषदेतून आकाराला आलेल्या ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीतही सुतारकामाला स्थान होते.

मापन व आखणी : 30 सेंमी.ची पोलादी पट्टी, मापाची टेप, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ आखण्याचे साधन) आणि टोकदार पेन्सिल एवढे पुरते. जुना सुतारी गज 24 तसूंचा असे. आजही लाकडाच्या बाजारात इंच व सूत (8 सूत = 1 इंच) चालतात, तर प्लायवूडची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात; म्हणून दोन्ही मापे असलेली पट्टी घ्यावी. स्वस्त गुण्या काटकोनात असेलच असे नाही. तो दुकानातच तपासता येतो. सरळ कडेला टेकवून एक रेघ मारावी, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर दिसणारे अंतर प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. रेघेच्या जागी चाकूने चर पाडल्यास पटाशी त्यात नेमकी बसते आणि सांधा फट न राहता जुळतो. यासाठी साधा कटरही चालतो.

करवत : उभ्या तंतूंच्या दिशेने चिरण्याचे दात पटाशीच्या टोकासारखे आणि आडवे कापण्याचे दात चाकूसारखे घासलेले असतात. एकच करवत घ्यायची असेल तर आडवे कापणारी, इंचाला 8 ते 10 दातांची घ्यावी. तिने थोडेबहुत चिरताही येते. अलीकडच्या स्वस्त करवतींचे दात विद्युत् प्रवर्तनाने कठीण केलेले असतात. ते बराच काळ टिकतात, पण त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाल्यावर ती करवत टाकावी लागते. साध्या पोलादाची करवत मात्र तिकोनी कानशीने पुन्हापुन्हा लावता येते. ढकलताना कापणारी करवत बरी की ओढताना कापणारी, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. जपानी करवत ओढताना कापते, तिचे पाते पातळ असते व काप अरुंद पडतो. बसून काम करणाऱ्या भारतीय सुतारांतही ओढून कापण्याची रीत होती.

पटाशी व किकरे : 6, 12 आणि 25 मिमी. रुंदीच्या तीन पटाश्या पुरेशा आहेत. बारा नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा त्याच पैशांत तीन बऱ्या पटाश्या घ्याव्यात. किकरे अरुंद पण जाड पात्याचे असते. खोल खाच पाडताना ते वाकत नाही. सुरुवातीला त्याचे काम 6 मिमी.च्या पटाशीवर भागते. ठोकण्यासाठी लोखंडी हातोडीऐवजी लाकडी मोगरी वापरावी, म्हणजे मूठ फुटत नाही. मोगरी विकत घेऊ नये. बाभळीचा ठोकळा आणि दांडा यांपासून ती स्वतः करणे हा खाच व कुसू (खाचेत बसणारे टोक) यांच्या सांध्याचा उत्तम पहिला धडा आहे.

रंधा : लाकडी ठोकळ्यात पाचरीने पाते अडकवलेला रंधा सर्वांत स्वस्त. लोखंडी रंध्यांत 4 क्रमांकाचा (सुमारे 9 इंच लांब, 2 इंच पात्याचा) नवशिक्याला सोयीचा. दोन्हींत पाते साधारण 45 अंशांत बसवतात. रंधा तंतूंच्या चढत्या दिशेने मारावा. उलटा मारल्यास लाकूड उपटते. सागात सिलिका असल्याने पाते लवकर बोथट होते, हे सागावर शिकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

धार : नव्या स्वस्त पटाशीचे किंवा रंध्याचे पाते कापायला तयार नसते, कारखान्यात त्याला फक्त आकार दिलेला असतो. पहिल्यांदा वापरणारा लाकडाला किंवा स्वतःच्या हाताला दोष देतो आणि पुष्कळांचे शिकणे येथेच थांबते. पात्याला धार लावून देणारा कोणी पहिल्याच दिवशी भेटला, तर हत्याराविषयीचे मत कायमचे बदलते.

धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभागांची मिळणी. त्यामुळे उताराइतकेच (धारेकडे तिरप्या घासलेल्या बाजूइतकेच) महत्त्व पात्याच्या सपाट पाठीला आहे. आधी पाठ दगडावर पूर्ण टेकवून धारेलगतचे दोन-तीन सेंमी. एकसारखे चकचकीत होईपर्यंत घासावी. हे काम प्रत्येक पात्याच्या आयुष्यात एकदाच नीट करावे लागते.

उताराचा कोन 25 अंश आणि अगदी टोकाशी 30 अंश ठेवण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. कोनमापक नसला तरी चालते. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सुमारे 2.4 पट असली की कोन 25 अंश येतो. धारेपासून 10 सेंमी. अंतरावरचा पाठीचा बिंदू दगडापासून 5 सेंमी. उंच धरला की कोन 30 अंश होतो. कोन एखाद्या अंशाने चुकला तरी बिघडत नाही. तो दर फेरीला हलला तर मात्र उतार गोल होतो व धार येत नाही.

एका बाजूला खरखरीत व दुसऱ्या बाजूला बारीक असा 8 इंची जोडदगड हे यासाठीचे सर्वांत कमी खर्चाचे टिकाऊ साधन. असे दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. हा पदार्थ एडवर्ड अॅचेसन याने 1890 च्या दशकाच्या आरंभी कृत्रिमरीत्या तयार केला. दगडावर पातळ तेल वापरावे. खरखरीत बाजूवर घासता घासता पाठीकडे बोटाला लागेल अशी बारीक किनार उलटते. ती पात्याच्या पूर्ण रुंदीत आली, की उतार टोकापर्यंत पोचला असे समजावे. मग बारीक बाजूवर घासावे, पाठ सपाट ठेवून किनार काढावी आणि शेवटी लाकडी पट्टीला चिकटवलेल्या चामड्यावर पाते मागे ओढावे.

दगडही परवडत नसेल तर जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याने ओले केलेले पॉलिश पेपर (320, 600, 1000, 2000 क्रमांक) चिकटवून तेच काम होते. सुरुवातीचा खर्च यात नगण्य आहे. मात्र कागद संपत राहतो आणि वर्षभरात त्यावरचा खर्च दगडाच्या किमतीएवढा होतो. विजेच्या सहाणेवर पाते धरताना ते वारंवार पाण्यात बुडवावे. साध्या कार्बन पोलादाचे टोक निळे पडले की त्याचे पाणी (कठीणपणा) उतरले. तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

धार आली की नाही ते नरम लाकडाच्या आडव्या कापावर पाहावे. पटाशीने तेथे पातळ पापुद्रा सुटला व मागे गुळगुळीत पृष्ठभाग राहिला, तर धार आहे.

सांधणी : पूर्वी सरस गरम करून वापरीत. 1959 मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने त्याची जागा बहुतांशी घेतली. आवळण्यासाठी दोन जी-क्लॅम्प घ्यावेत. मोठ्या चौकटी सुतळीला पीळ देऊन, पाचर मारून किंवा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून आवळता येतात.

छिद्रे : हाताने फिरवायचे ड्रिल किंवा गिरमिट.

खरेदी व लाकूड : मुंबईत नागदेवी स्ट्रीट ही हत्यारांची जुनी बाजारपेठ आहे. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेल्या पटाश्या आणि रंध्याची पाती मिळतात. गंज वरवरचा असेल तर तो पॉलिश पेपरने निघतो. धारेजवळच्या पाठीवर खोल खड्डे असलेले पाते घेऊ नये. भारतीय हातहत्यारांची मोठी केंद्रे जालंधर व लुधियाना येथे आहेत. महाराष्ट्रात नाशिकला पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर इत्यादींचे उत्पादन होते.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. पात्र कारागिराला हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन आणि पुढे 5 टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. योजना परंपरागत व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, हौशी शिकणाऱ्यासाठी नाही.

सरावासाठी आयात मालाच्या खोक्यांचे पाइन लाकूड स्वस्त पडते. त्यावरील शिक्का पाहावा : ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसरे टाळावे. खिळे काढल्याशिवाय रंधा मारू नये.

यंत्रे : विजेची करवत व ड्रिल आधी घ्यावीत की नंतर, याविषयी एकमत नाही.

सुरक्षितता : बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते, म्हणून धारदार पटाशीच कमी धोक्याची. पटाशीच्या वाटेत दुसरा हात कधीही नसावा. लाकूड हाताने धरण्याऐवजी क्लॅम्पने धरावे. लाकडाच्या धुळीचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला आहे. पॉलिश पेपरने घासताना मास्क लावावा आणि भुसा कोरड्या झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा.