ज्याचं त्याला: जर्मन घोषवाक्यं आणि इंग्रजीची अडचण

इतिहासाच्या व्याख्यानमालेत जाहिरातींचा विषय का, असं काहींना वाटलं असेल. राजांच्या सनदा जपून ठेवल्या जातात, साबणाचं घोषवाक्य कोणी जपत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहतं ते घोषवाक्यच. आणि ते दुसऱ्या भाषेत न्यायला गेलं, की आत काय काय दडलेलं होतं ते कळतं.

सुरुवात सोप्या उदाहरणाने करू. १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत दुधाची एक जाहिरात गाजली: "मिल्श माख्ट म्युडे मेनर मुंटर". दूध थकलेल्या पुरुषांना तरतरीत करतं, एवढाच अर्थ. सगळी गंमत 'म' च्या अनुप्रासात आहे. इंग्रजीत दूध आणि माणसं यांचा 'म' टिकतो, पण थकवा आणि तरतरी दोन्ही निसटतात, आणि उरतं ते डॉक्टरांच्या सल्ल्यासारखं वाक्य.

रिटर स्पोर्ट या चॉकलेटवाल्यांनी मात्र चांगली युक्ती केली. त्यांची वडी चौकोनी. १९३२ मध्ये क्लारा रिटर यांनी सुचवलं होतं, की कोटाच्या खिशात न मोडता मावेल अशी वडी करू या. १९७० मध्ये घोषवाक्य आलं: "क्वाड्राटिश. प्राक्टिश. गूट." चौकोनी, सोयीचं, चांगलं. पहिल्या दोन शब्दांचं यमक, आणि तिसरा शब्द टपकन संपतो. इंग्रजीत त्यांनी यमकाचा नादच सोडला आणि लिहिलं, "क्वालिटी. चॉकलेट. स्क्वेअर्ड." 'स्क्वेअर्ड' म्हणजे चौकोनी केलेलं, आणि गणितातला वर्गही. हा खेळ मूळ जर्मनमध्ये नाहीच. माझ्या मते भाषांतरकाराने असंच करावं: एक खेळ हरवला, तर त्या भाषेत दुसरा शोधावा.

पण हे चॉकलेटपुरतं ठीक. काही शब्दांच्या बाबतीत असा हलका हात चालत नाही.

जर्मनमध्ये एक म्हण आहे, "येडेम दास झायनं". मराठीत अगदी नेमकी बसते: ज्याचं त्याला. मूळ लॅटिन, "सुउम कुइक्वे". सिसेरोकडे ती कल्पना सापडते, न्याय म्हणजे प्रत्येकाला त्याचं देणं. १७०१ मध्ये प्रशियाच्या राजाने 'काळा गरुड' हा मानाचा किताब सुरू केला, त्यावर हेच शब्द होते. म्हणजे प्रतिष्ठित वचन. १९३७ मध्ये नाझींनी वायमारजवळ, गटेच्या गावाजवळ बरं का, बुखेनवाल्डची छळछावणी उभारली आणि तिच्या लोखंडी फाटकात हीच म्हण बसवली. ती अक्षरं अशी लावली होती, की वाचता येत ती आतून. कैद्यांनीच वाचावी म्हणून. तुमच्या वाट्याला आलंय ते तुमचंच, असा तो कुत्सित अर्थ. अक्षरांची रेखाटनं करायला लावली तीही एका कैद्याला, फ्रान्झ एर्लिश याला. तो बाउहाउस या कलाशाळेचा विद्यार्थी. नाझींना त्या शाळेचा तिटकारा, आणि याने अक्षरांना वळण दिलं ते त्याच शाळेचं. त्या छावणीत सुमारे ५६ हजार माणसं मेली.

आता १९९८ साल. नोकिया ही फिनलंडची कंपनी. मोबाइलची रंगीत कव्हरं बदलता येतात हे सांगायला तिने जर्मनीत हीच म्हण वापरली. इंग्रजीत "टू ईच हिज ओन" किती निरुपद्रवी! आपापली आवड, एवढंच. विरोध झाला, जाहिरात मागे घ्यावी लागली. परदेशी कंपनी आहे, चुकली, असं म्हणता येईल. पण २००९ च्या जानेवारीत हँबर्गची चिबो ही कॉफी कंपनी आणि एस्सो यांनी पेट्रोल पंपांवर फलक लावले: "येडेम डेन झायनेन". ही तर घरचीच मंडळी.

इथे व्याकरणाकडे बघा, कारण खेळ तिथेच आहे. मूळ म्हणीत 'दास', नपुंसकलिंग. जर्मनमध्ये कॉफी पुल्लिंगी, म्हणून 'दास' चं 'डेन' झालं. फक्त लिंग बदललं आणि म्हण कॉफीची झाली. इंग्रजीत हे करताच येत नाही, कारण तिथे वस्तूला लिंग नाही. दोन्ही वाक्यांचं भाषांतर एकच होतं आणि खेळ शिल्लकच राहत नाही. मराठीत मात्र जमतं. आपल्याकडे कॉफी स्त्रीलिंगी, म्हणून 'ज्याचं त्याला' ऐवजी 'ज्याची त्याला'. तीन लिंगं शिकताना मराठी माणूस कुरकुरतो ना, इथे तीच कामाला येतात. जर्मनीतल्या ज्यू समाजाच्या मध्यवर्ती मंडळाने कडक शब्दांत टीका केली आणि फलक उतरले. इंग्रजी वृत्तपत्रांना मात्र ही बातमी देताना आधी बुखेनवाल्डचं फाटक समजावून सांगावं लागलं. नुसत्या भाषांतरात आक्षेपार्ह काही दिसतच नव्हतं.

उलट दिशेनेही असं घडतं. सात-आइन्स या दूरचित्रवाहिनीचं घोषवाक्य इंग्रजीत होतं, "पॉवर्ड बाय इमोशन". २००३ मध्ये कोलोनच्या एंडमार्क या संस्थेने लोकांना अशा इंग्रजी वाक्यांचा अर्थ विचारला. डग्लस या अत्तरांच्या दुकानांचं "कम इन अँड फाइंड आउट" काहींनी असं लावलं: आत या आणि बाहेर पडायची वाट शोधा! हसण्यासारखंच आहे. पण "पॉवर्ड बाय इमोशन" चं भाषांतर काहींनी केलं, "क्राफ्ट दुर्ख फ्रॉइडे". आनंदातून शक्ती. हे नाझींच्या करमणूक संघटनेचं नाव.

त्याच नावाची गाडी होती, 'के-डी-एफ वागन'. १९३८ मध्ये हिटलरने कारखान्याची पायाभरणी केली. ३ लाखांहून अधिक लोकांनी तिकिटं चिकटवून पैसे साठवले आणि एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर तीच फोक्सवागन, आपला 'भुंगेरा'. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती विकायचं काम घेतलं बिल बर्नबाख यांच्या संस्थेने, आणि बर्नबाख स्वतः ज्यू. त्यांनी जर्मनीतलं काहीच भाषांतरित केलं नाही. "थिंक स्मॉल" असं नवंच लिहिलं. जर्मनीत १९६० च्या दशकात घोषवाक्य झालं, "एअर लॉइफ्ट उंड लॉइफ्ट उंड लॉइफ्ट". 'लाउफेन' म्हणजे पायी चालणं, धावणं, आणि यंत्र चालणंही. मराठीत 'तो चालतो, चालतो आणि चालतोच', किडाही आणि इंजिनही. इंग्रजी 'रन' मध्ये यंत्र आलं, पण भुंगेऱ्याचं ते दुडक्या पायांनी चालणं गेलं.

आउडीचं "फोरश्प्रुंग दुर्ख टेक्निक" १९७१ चं. 'फोरश्प्रुंग' म्हणजे पुढे मारलेली उडी, अर्थात आघाडी. इंगोलश्टाटच्या कारखान्यात एका जुन्या फलकावर हे वाचलं, अशी हकिगत लंडनचे जाहिरातकार जॉन हेगार्टी सांगतात. १९८० च्या दशकात त्यांनी ते ब्रिटिशांपुढे जर्मनमध्येच ठेवलं, 'जर्मनीत म्हणतात तसं' एवढी पुस्ती जोडून. युद्ध संपून चाळीस वर्षंही झाली नव्हती, आणि शब्द न कळणारे ब्रिटिश प्रेक्षक ते मजेने म्हणू लागले. मला हे धाडस वाटतं. अर्थ समजावला असता तर उरली असती फक्त बढाई.

शेवटचं उदाहरण श्टुटगार्टचं, मुंबईच्या भगिनी-शहराचं. हे नातं १९६८ पासूनचं. त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने १९९९ मध्ये घोषवाक्य घेतलं: आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून. बोलीवरून चेष्टा सोसलेल्या कोणालाही हे भाषांतराशिवाय कळेल. २०२१ मध्ये ते बदललं. आता आहे "द लेंड". इंग्रजी 'लँड' जर्मन तोंडातून जसं निघतं तसंच लिहिलेलं, 'ए' या अक्षरावर दोन टिंबं देऊन. याचं इंग्रजी करायचं तर ती दोन टिंबं पुसावी लागतील.