टेम्पेस्टच्या पोटात बॉनव्हिलचं इंजिन

अमेरिकेत जुन्या मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनच्या वेगवान गाड्या, पुन्हा उभ्या करण्यात आयुष्य घातलेल्या माणसांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तशीच्या तशी हवी असते: तोच रंग, तोच कार्ब्युरेटर, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्याच वर्षाची. दुसऱ्या पंथाला पत्रा जुना हवा, पण इंजिन, ब्रेक आणि चाकं स्वतःच्या मनासारखी. पहिले दुसऱ्यांना गाडीची वाट लावणारे म्हणतात. दुसरे म्हणतात, हे लोक गाडी चालवत नाहीत, नुसती पुसत बसतात. या भांडणात माझा कल दुसऱ्यांकडे आहे, आणि त्याचं कारण या गाड्यांच्या कुळातच सापडतं. पहिला पंथ ज्या मूळ गाडीची पूजा करतो, तीच मुळात फेरफारातून जन्मलेली आहे.

या कुळाची सुरुवात कॅलिफोर्नियात होते. १९३२ साली फोर्डने स्वस्तातल्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पोरांच्या हाती लागल्या. त्यांनी मडगार्ड काढले, बोनेट काढलं, वजन जिथून कमी होईल तिथून कमी केलं, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले आणि गाड्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेल्या. मैलोन् मैल सपाट, टणक माती. तिथे वेग मोजायचा, परत येऊन इंजिन उघडायचं, पुन्हा जायचं. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना बांधली. महायुद्धानंतर लष्कराच्या वर्कशॉपांत आणि विमानांच्या कारखान्यांत हात तयार झालेली तरुण पिढी परतली, तसा हा नाद झपाट्याने पसरला. १९४८च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' मासिक काढलं. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये पाव मैलाच्या शर्यतींसाठी राष्ट्रीय संघटना उभी केली. रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती आखलेल्या धावपट्टीवर नेणं हा त्यामागचा हेतू होता.

लॉस एंजेलिसच्या परिसरातच दुसरी शाखा वाढत होती. तिला वेगापेक्षा रूपाची ओढ होती. सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांनी मर्क्युरी गाड्यांचे छत कापून खाली बसवले, दारांच्या मुठी काढून टाकल्या, सांधे असे बुजवले की गाडी एकसंध ओतल्यासारखी दिसावी. हे सांधे बुजवण्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. आधी पत्रा घासून पांढरा करायचा. मग फ्लक्स लावून त्यावर कल्हई करायची, अगदी आपल्याकडे पितळी भांड्यांना करत तशीच. कल्हई नसेल तर पुढचं काही धरत नाही. मग शिसं आणि कथिल यांची कांडी ज्योतीने तापवायची. सात भाग शिसं आणि तीन भाग कथिल असेल, तर हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतो आणि अडीचशेच्या पुढे गेला की पूर्ण पातळ होतो. या दोहोंच्या मध्ये तो लोण्यासारखा थापता येतो. सगळी करामत त्या पट्ट्यात. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर सगळा माल जमिनीवर. मेण किंवा चरबी लावलेल्या लाकडी थापीने तो पसरवायचा, गार झाला की कानशीने आकार द्यायचा. शिशाची धूळ विषारी असते, म्हणून जाणता माणूस इथे ग्राइंडर लावत नाही, हातानेच घासतो. पुढे प्लास्टिकची पुटी आली, आपल्या गॅरेजांतली लांबी, आणि हे कसब मागे पडलं. पण डेट्रॉइटचे कारखाने स्वतःसुद्धा छत आणि मागच्या पत्र्याचा सांधा शिशानेच बुजवत असत. त्यामुळे साठच्या दशकातली गाडी पूर्ण खरवडून काढली की तिथे शिसं दिसतं, आणि मूळ रूपाचा कट्टर आग्रह धरणाऱ्यालाही बॅरिस बंधूंची विद्या शिकावी लागते.

गाड्यांत फेरफार करणाऱ्या या पोरांकडे कारखान्यांनी प्रथम कधी पाहिलं, याचा एक कागद आहे. १९५३च्या डिसेंबरात झोरा आर्कस-डंटॉव्ह या शेव्हरोलेच्या इंजिनिअरने वरिष्ठांना टिपण लिहिलं. त्याचा आशय असा: गाड्यांचा नाद असलेली तरुण मुलं फोर्डवर वाढली आहेत, त्यांची मासिकं फोर्डच्या सुट्या भागांनी भरलेली आहेत. पुढे पैसे हाती आले की ती फोर्डच घेतील. त्यांना वळवायचं असेल तर आपणच चांगले, तयार भाग बनवून विकले पाहिजेत. मला हे टिपण या कुळातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो. गॅरेजमधल्या पोराची दखल त्यात कुठेही कुत्सितपणा न आणता घेतली आहे. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, शेव्हरोलेचं लहान आणि हलकं व्ही-८ आलं, आणि जुन्या फोर्डमध्ये ते घालणं ही जवळजवळ रीतच झाली.

हलक्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन घालायचं, ही एवढी एकच युक्ती. ती कारखान्यात शिरली १९६३ मध्ये. त्या वर्षाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. त्यातल्या पाँटिअ‍ॅक या शाखेचं नाव तर शर्यतींवर उभं होतं. मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी मिलफर्डच्या चाचणी मैदानावर नव्या टेम्पेस्टभोवती जमले होते. तिच्यात ३२६ घन इंचांचं, म्हणजे ५.३ लिटरचं इंजिन होतं. बिल कॉलिन्स या इंजिनिअरने सहज बोलून दाखवलं की बॉनव्हिलसारख्या मोठ्या गाडीतलं ३८९ घन इंचांचं, ६.४ लिटरचं इंजिनही यात बसेल. दोन्ही इंजिनांचा बाहेरचा साचा आणि माउंटिंग एकच होतं. थोड्याच दिवसांत तशी गाडी तयार झाली.

अडचण एकच होती. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. तो नियम नव्या मॉडेलला लागू होता, जास्तीच्या सामानाला नाही. म्हणून हे इंजिन, दुहेरी सायलेन्सर, कडक स्प्रिंग, हर्स्टचा गिअर दांडा आणि बोनेटवरच्या दोन दिखाऊ हवेच्या खिडक्या असं सगळं टेम्पेस्टच्या लमाँ आवृत्तीवर तीनशे डॉलरच्या आत मिळणारं वरकड सामान म्हणून यादीत घातलं गेलं. नाव फेरारीवरून घेतलं, जीटीओ. विक्री विभागाने ५,००० गाड्यांना परवानगी दिली. १९६४च्या मॉडेलच्या ३२,४५० खपल्या.

पुढचा भाग मला फार आवडतो. 'कार अँड ड्रायव्हर'च्या मार्च १९६४च्या अंकात पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना छापून आली आणि गाडीचा बोलबाला झाला. चाचणीची गाडी पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्सने पुरवली होती. ती मिशिगनमधल्या रॉयल ओकच्या रॉयल पाँटिअ‍ॅक या विक्रेत्याकडे तयार झाली होती, आणि अनेक वर्षांनी वँगर्सने सांगून टाकलं की तिच्यात ३८९ नव्हतंच, ४२१ घन इंचांचं इंजिन होतं. हाच विक्रेता 'बॉबकॅट' नावाचं सामान विकायचा: कॉम्प्रेशन वाढवणारं हेडचं पातळ पॅकिंग, कार्ब्युरेटरचे मोठे जेट, आणि इग्निशनच्या टायमिंगचे बदल. नावाची अक्षरं बॉनव्हिल आणि कॅटालिना यांच्या धातूच्या नावपट्ट्यांतून घेतलेली. म्हणजे मसल कारचा ज्या गाडीने गाजावाजा केला, ती पहिल्याच वर्षी गॅरेजमधून गेलेली होती.

नंतरची सात-आठ वर्षं सगळ्यांना माहीत आहेत: कमारो, रोड रनर, चार्जर, १९६६ पासून रस्त्यावर मिळू लागलेलं क्रायस्लरचं ४२५ अश्वशक्तीचं हेमी इंजिन, १९७० मधली ४५० अश्वशक्तीची शेव्हेल.   मग तरुणांच्या विम्याचे हप्ते भडकले, १९७०चा स्वच्छ हवेचा कायदा आला, बिनशिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून १९७१ पासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन खाली आणलं, आणि १९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. शेवटची जुनी जीटीओ १९७४ची. तीही पुन्हा दुसऱ्याच गाडीवरचं वरकड सामान म्हणून विकलेली.

त्यानंतर या गाड्या मातीमोल झाल्या. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने डिकीचा तळ आणि मागच्या चाकांवरचा पत्रा खाल्ला, कित्येक भंगारात गेल्या. ऐंशीच्या दशकात, तरुणपणी ज्यांना त्या परवडल्या नव्हत्या किंवा विकाव्या लागल्या होत्या, त्यांच्या हाती पैसा आला आणि पुनर्बांधणीचा धंदा उभा राहिला. कारखान्यांनी बंद केलेले पत्रे, रबरं, सीटचं कापड पुन्हा बनू लागलं. खऱ्या-खोट्याचा प्रश्नही तेव्हाच आला. १९६४ आणि १९६५च्या जीटीओच्या चासी नंबरात ती जीटीओ असल्याची कसलीच खूण नाही, कारण कागदोपत्री ती लमाँच. म्हणून आज पाँटिअ‍ॅकच्या जुन्या बीजकांच्या प्रती मागवाव्या लागतात. इतर गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला, जुळणी करणाऱ्या कामगारांसाठीचा कागद शोधतात. पन्नास वर्षांचा, उंदरांनी कुरतडलेला तो कागद मिळाला की माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. पहिल्या पंथाबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो इथे. त्यांच्या चिकाटीशिवाय कोणतं इंजिन कोणत्या गाडीत होतं हे आज कुणालाच सांगता आलं नसतं.

पण त्यांनाही थोडं वाकावं लागतं. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजू देत नसे. अमेरिकेत १९९६च्या सुरुवातीपासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पेट्रोल पूर्ण बंद झालं. हेड उघडलंच आहे तर बहुतेक जण आत कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतात. बाहेरून कुणाला दिसत नाही.

दुसरा पंथ आता आणखी पुढे गेला आहे. १९६९च्या कमारोत आजचं कॉम्प्युटरवर चालणारं, इंधन फवारणारं व्ही-८ घालणं नित्याचं झालंय, आणि ते इंजिन वायरिंगसह खोक्यात घालून शेव्हरोले स्वतःच विकते. आर्कस-डंटॉव्हने मागितलं होतं तेच. २०२१ मध्ये फोर्डने २८१ अश्वशक्तीची विद्युत मोटर ३,९०० डॉलरला सुट्या भागासारखी विकायला काढली आणि जुन्या ट्रकमध्ये बसवून दाखवली. यावर शौकिनांत मोठी खडाजंगी आहे. मला त्यात कुळाला बट्टा लागलेला दिसत नाही. मोटर घालणाऱ्यांनी फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. मोटर जुन्या माउंटिंगवरच बसेल असं करावं, चासी कापू नये. आणि काढलेलं इंजिन भंगारात देऊ नये. ब्लॉकवर ठोकलेले आकडे गाडीच्या चासी नंबराशी जुळत असतील तर त्याला तेल लावावं, मेणकापडात गुंडाळावं आणि गाडी विकताना तिच्याबरोबरच द्यावं.