पदवी आधी की प्रोग्रॅमर आधी?

१/
बारावीनंतर सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात शिरायचे असेल, तर पदवी लागतेच का? हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. ‘लागतेच’ म्हणणारे आणि ‘मुळीच नाही’ म्हणणारे, दोघेही ही अट या व्यवसायाबरोबरच जन्माला आली असे गृहीत धरतात. इतिहास वेगळे सांगतो. येथे व्यवसाय आधी आला, पदवी मागून आली. आणि पदवीची अट घट्ट होण्याचे कारण संगणकाच्या आत नव्हतेच.

२/
१९४५. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुमारे १८,००० निर्वात नलिकांचा ‘एनिॲक’ आकाराला येत होता. तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके मांडणाऱ्या स्त्रियांमधून सहाजणी त्यासाठी निवडल्या गेल्या. कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास आणि जीन जेनिंग्ज गणित शिकलेल्या होत्या; बेटी स्नायडर मात्र पत्रकारिता शिकलेली होती. शिकवायला ना शिक्षक होता, ना पाठ्यपुस्तक. यंत्राच्या जोडणीचे आराखडे वाचत त्या शिकल्या. जगातील पहिल्या प्रोग्रॅमरांपैकी या एक, आणि त्यांच्यापैकी कोणाकडेही संगणकशास्त्राची पदवी नव्हती. कारण ती अस्तित्वातच नव्हती.

३/
केंब्रिज विद्यापीठाने या विषयाची पदविका १९५३ मध्ये सुरू केली. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ मध्ये. तोवर यंत्रे थांबणार नव्हती आणि माणसे तर हवी होती. मग आयबीएमसारख्या कंपन्यांनी स्वतःची कल चाचणी बनवली: अंकमालिका पूर्ण करा, आकृत्यांमधील साम्य ओळखा, अंकगणिताची उदाहरणे सोडवा. जो उत्तीर्ण होईल त्याला कंपनीच शिकवी. पारख करणारा आणि काम देणारा एकच असल्यामुळे प्रमाणपत्रावाचून काही अडत नव्हते.

४/
भारतातही आरंभ असाच झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला. तो घडवणाऱ्या चमूचे प्रमुख आर. नरसिंहन यांची डॉक्टरेट गणितातील. १९६८ मध्ये मुंबईतच टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. तिला आकार देणारे फकीरचंद कोहली मूळचे वीज क्षेत्रातील अभियंते. येथे एक सावधगिरी हवी. ही माणसे अशिक्षित नव्हती, उच्चशिक्षित होती. त्यांच्याकडे पदव्या होत्या. फक्त त्या ‘या’ कामाच्या नव्हत्या.

५/
१९८० च्या दशकात दोन दरवाजे एकाच वेळी उघडले. १९८१ मध्ये एनआयआयटी आणि १९८६ मध्ये ॲपटेक या खासगी प्रशिक्षण संस्था निघाल्या. बी.कॉम., बी.एस्सी. करणारी मुले सकाळी महाविद्यालयात आणि संध्याकाळी संगणकाच्या वर्गात दिसू लागली. दुसरीकडे, १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. कौशल्य पहिल्या दारातूनही मिळत होते. मग वजन दुसऱ्याला का आले?

६/
उत्तराचा मोठा भाग वॉशिंग्टनमध्ये सापडतो. भारतीय सॉफ्टवेअर निर्यात त्या काळी प्रामुख्याने माणसे परदेशी ग्राहकाकडे पाठवून होत असे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला. त्याची अट अशी की काम ‘विशेष ज्ञानाचे’ हवे आणि उमेदवाराकडे त्या विषयातील पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता हवी. व्हिसा अधिकारी कोणाचा कोड वाचून पाहत नाही. तो कागद पाहतो. साहजिकच, परदेशी पाठवता येईल असाच माणूस कंपन्यांना सोयीचा वाटू लागला.

७/
या नियमात एक बारीक झरोका मात्र होता. तीन वर्षांचा संबंधित अनुभव महाविद्यालयातील एका वर्षाइतका धरता येतो. म्हणजे तीन वर्षांची भारतीय बी.एस्सी. अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीपुढे तोकडी पडली, तर उरलेले वर्ष अनुभवाने भरून काढता येई. पदवीच नसणाऱ्याला त्याच हिशेबाने बारा वर्षे लागत. दार बंद नव्हते. उंबरठा उंच होता.

८/
भारत सरकारनेही एक पर्यायी जिना बांधला. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘डोएक’ योजनेत ओ, ए, बी, सी अशा पायऱ्या होत्या आणि महाविद्यालयात नाव नसलेल्यालाही तिची परीक्षा देता येई. उद्योगांनीही मधले मार्ग शोधले. एचसीएलने २०१७ मध्ये बारावी उत्तीर्णांना थेट प्रशिक्षण व नोकरी देणारा ‘टेकबी’ हा कार्यक्रम आणला. त्यात नोकरीबरोबरच पदवी घेण्याचीही सोय ठेवली. पदवी प्रवेशद्वारातून हटली. पुढच्या वाटेवर मात्र ती उभीच राहिली.

९/
या साऱ्या प्रवासातून एक सूत्र हाती लागते. पारख करणारा जवळ असतो, तेव्हा कौशल्य पुरते. तो दूर असतो, तेव्हा कागद लागतो. एनिॲकच्या सहाजणींचे काम त्यांच्या शेजारच्या यंत्रावरच तपासले जात होते. हजारो अर्ज चाळणाऱ्या कंपनीला किंवा सातासमुद्रापलीकडच्या दूतावासातील अधिकाऱ्याला ती सोय नाही. पदवी कौशल्याची जागा घेत नाही. ती अनोळखी माणसाला दिलेली हमी असते.

१०/
म्हणूनच ‘पदवी हवी की नको’ या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न येतो: आपले काम कोण तपासणार आहे? लहान कंपनी, ओळखीचा ग्राहक, सर्वांना खुला असलेला कोड असेल, तर काम स्वतः बोलते. परदेशगमन, सरकारी नोकरी किंवा मोठ्या कंपनीची भरती असेल, तर कागद आधी बोलतो. ज्या घराला चार वर्षांचे शुल्क परवडत नाही, तेथील मुलासाठी हा भेद केवळ चर्चेचा विषय नाही. पदवी नसणे ही त्याच्या बुद्धीची उणीव नव्हे. ती एका विशिष्ट काळात, विशिष्ट कारणांनी उभी राहिलेली अट आहे. आणि ज्या अटी इतिहासात उभ्या राहतात, त्या इतिहासातच बदलतातही.