सोसनाचें फूल आणि भीमाथडी

शिरूर-दौंडकडील उघडें माळरान पाहिलें, म्हणजे दाढीवाला आयरिस येथें उत्तम यावा असें कोणासहि वाटेल. (खालीं झुकणाऱ्या पाकळ्यांवर केसांची रेघ असते, म्हणून हें नांव, ऐकून हसूं येतें खरें.) त्याच्या कंदाची पाठ मातीबाहेर ठेवून उन्हांत तापूं द्यावी लागते, पाणी सांचलें कीं तो कुजतो. इकडे ऊन भरपूर, आणि पाऊस वर्षाकांठीं पांचशे मिलिमीटरांच्या आसपास. तरीहि हें फूल भीमेच्या व घोडनदीच्या कांठीं रूढ झालें नाहीं. अडचण पावसाच्या मानाची नव्हे, वेळेची आहे. या वनस्पतीस हिंवाळ्यांत खऱ्या थंडीची झोंप हवी आणि फुलून गेल्यावर कोरडा उन्हाळा हवा. आमचा पाऊस नेमका तिच्या विश्रांतीच्या महिन्यांत येतो, आणि नदीकांठची काळी जमीन तें पाणी सोडीत नाहीं.

म्हणून आयरिस आमच्यापर्यंत आला तो मूळरूपानें आणि चित्ररूपानें. फारसींत त्यास सोसन म्हणतात. त्याचें वाळलेलें मूळ हकिमांच्या औषधांत इरसा या नांवानें चालतें. तशींच मुळें फ्लॉरेन्सकडे कांहीं वर्षें मुरवून सुगंधी द्रव्यांत घालतात. ताजमहालाच्या नक्षींतहि जाणकार आयरिस ओळखतात. काश्मिरांत तर कबरींवर आयरिस लावण्याची जुनी रीत आहे. तेथील एका जातीस बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८७७ सालीं काश्मीरचेंच नांव दिलें.

कबर शिरूरलाहि आहे. इंग्रजी छावणीच्या काळांत, १८०९ सालीं, कर्नल वॉलेस येथें वारला. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नोंद आहे कीं, गांवकरी त्यास सत्पुरुष मानून पूजितात व सुगीचें पहिलें धान्य नैवेद्य म्हणून आणतात. काश्मिरी शेतकरी कबरीवर कंद लावतो, शिरूरचा धान्य वाहतो. दोघांपाशीं जें पिकतें तेंच दोघे देतात. आम्हांस यांत इतिहासाचा मोठा उलगडा दिसतो. परक्या सेनापतीला येथल्या मातीनें आपलें केलें. त्याच मातीला आयरिस मात्र झेपला नाहीं.

उलट गुलछडी पाहा. ती मूळची मेक्सिकोची. तेथील जुने लोक तिला हाडाचें फूल म्हणत. तीहि कंदापासूनच येते, परंतु तिला गोठविणारी थंडी नको, दमट उष्मा चालतो. म्हणून ती पुणें जिल्ह्याच्या शेतांत रुजली, लग्नाच्या हारांत गेली, आणि तिचें मूळ गांव विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. स्वदेशी-परदेशीचा वाद करणाऱ्यांनीं आपल्या देवघरांतील फुलांची वंशावळ एकदां तपासावीच.

हौसेनें दौंडला आयरिस लावावयाचाच असेल, तर कुंडींत निम्मी वाळू घालावी, कंद वर दिसूं द्यावा आणि पावसाळ्यांत कुंडी वळचणीच्या आंत घ्यावी. तलवारीसारखीं पानें येतील. फूल पाहावयाचें तर एप्रिल-मेमध्यें काश्मीर गांठावें.