चिऱ्यांचे स्थलांतर

संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जाणारे यात्रिक ओल्ड गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेसमोर उभे राहतात, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे दोन भूमींचे दगड असतात. १५९४ साली आरंभिलेल्या आणि १६०५ साली अभिषिक्त झालेल्या या मंदिराच्या भिंती गोव्याच्या तांबड्या जांभ्याच्या आहेत. दर्शनी भागावरील कोरीव काम मात्र काळ्या पाषाणाचे असून तो पाषाण वसईहून आणलेला आहे. दगड प्रवास करतो, याची ही पहिली साक्ष. ज्या नगरात तो येऊन पोहोचला, त्या नगरानेच पुढे चिरा चिरा होऊन स्थलांतर केले, हा या इतिहासाचा उत्तरार्ध होय.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने जिंकलेले हे नगर शतकभर वैभवाच्या शिखरावर होते. पुढे साथीच्या रोगांनी त्याला ग्रासले. १६९५ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम नगराबाहेर पणेली येथे हलविला आणि १७५९ साली तो पणजीस गेला. १८३५ साली व्रतस्थ संघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

नवी राजधानी उभारायची तर दगड हवा, तुळया हव्यात, दारे-खिडक्या हव्यात. हे सारे मांडवीच्या वरच्या अंगाला, ओस पडलेल्या वास्तूंत तयारच होते. एकेकाळी आदिलशहाचा असलेला आणि १५५४ पासून व्हाइसरॉयचे निवासस्थान झालेला राजवाडा १८२० साली उतरविण्यात आला आणि त्याचे साहित्य पणजीच्या बांधकामात गेले. येशूसंघीयांचे संत पावलाचे महाविद्यालय, जेथे १५५६ साली भारतातील पहिला छापखाना आला, ते १८३२ साली पाडण्यात आले. आज त्याची केवळ दर्शनी कमान उभी आहे. ऑगस्टिनियन मठाच्या भव्य चर्चचे छत १८४२ साली कोसळले आणि १९३१ साली दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. त्याची प्रचंड घंटा मात्र त्यापूर्वीच तेथून निघाली होती. काही काळ आग्वादच्या किल्ल्यावर राहून १८७१ साली ती पणजीच्या अमलोद्भव मातेच्या चर्चमध्ये चढविण्यात आली. मठ गेला, पण त्याचा नाद राहिला.

हे शक्य झाले ते बांधणीच्या रीतीमुळे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो व हवेत हळूहळू कठीण होतो. त्यामुळे जुन्या भिंतीतील चिरा हा घडविलेला आणि मुरलेला असतो. शिवाय त्या भिंती चुन्यात रचलेल्या असत. चुना दगडापेक्षा नरम. म्हणून भिंत उतरविताना चिरा अखंड सुटतो आणि पुन्हा रचता येतो. सिमेंटने सांधलेला चिरा सुटत नाही, फुटतो.

परंतु या कथेची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे वाचली पाहिजे. चर्चच्या दगडांपूर्वी देवळांचे दगड हलले होते. दिवाडी बेटावर, जेथे कदंबांच्या काळापासून सप्तकोटेश्वराची उपासना चालत असे, तेथील जुन्या दफनभूमीतल्या कपेलात मंदिराच्या कोरीव कामाचे अवशेष आजही दिसतात. विस्थापित झालेल्या या देवाचे नार्वे येथील मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधविले. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा आपल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. भीमाशंकराची घंटा त्यांतलीच एक. घेणारा आणि गमावणारा, या दोन्ही भूमिका प्रत्येक समाजाच्या वाट्याला आल्या आहेत. त्यातल्या काही दगडांमागे गरज होती, काहींमागे जय होता आणि काहींमागे कोणाचे तरी अश्रू होते. पुनर्वापर ही काटकसर आहे खरी. पण दगड कोठून आला हे विसरले गेले, तर ती काटकसर स्मृतीची उधळपट्टी ठरते.

हा विचार आज आपल्या दाराशी आला आहे. धर्मग्रामांतील जुनी घरे उतरत आहेत. काही ठिकाणी लहान पडू लागलेल्या चर्चच्या जागी मोठे चर्च उभे राहत आहे. वाढत्या कुटुंबांना आणि भाविकांना जागा हवी, हे मान्यच आहे. तथापि जुन्या वास्तूवर यंत्र चालले की एका दिवसात सारा राबिट होतो आणि तो पाणथळ जागा बुजवीत पडतो. त्याच वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या सागवानी तुळया असतात, चौकटी असतात, कौले असतात, हाताने घडविलेले चिरे असतात. पाडण्याऐवजी वास्तू वरून खाली क्रमाने उतरविली, तर यांतले पुष्कळसे वाचते. वेळ अधिक लागतो आणि मजुरीही वाढते. पण नवा चिरा खणण्यासाठी एखादी टेकडी तेवढी कमी पोखरावी लागते.

जुन्या अल्तारची पायरी नव्या अल्तारखाली बसवावी, आजोबांच्या घराची तुळई नातवाच्या ओटीवर चढवावी. आणि हे करताना धर्मग्रामाच्या दप्तरात वा घरच्या वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात, की हा दगड कोठला आणि हे लाकूड कोणाचे. पणजीच्या घरांत गेलेल्या असंख्य चिऱ्यांविषयी अशा दोन ओळी कोणी लिहिल्या असत्या, तर ओस पडलेल्या त्या नगराचा पत्ता आज आपल्याला भिंतीभिंतींतून लागला असता.