पदवी पातळीवर सौरऊर्जा तंत्रज्ञानाचे शिक्षण

देशातील सौर वीजनिर्मितीची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाला प्रारंभ झाला, त्यावेळी २०२२ पर्यंत २० हजार मेगावॅटचे उद्दिष्ट निश्चित करण्यात आले होते. २०१५ मध्ये ते एक लाख मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले. ते गाठण्यास ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे अधिक लागली. मात्र या विस्तारामुळे बारावी विज्ञान उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. सौरऊर्जा किंवा नवीकरणीय ऊर्जा असे नाव असलेली पदवी घ्यावी, की विद्युत अभियांत्रिकीसारखी रुळलेली पदवी घेऊन त्यातच सौरऊर्जेचा अभ्यास करावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी हा विषय मुळात कशाचा बनला आहे, हे पाहणे आवश्यक आहे. सौरऊर्जा तंत्रज्ञान ही एकसंध विद्याशाखा नाही. सौर घट, म्हणजे सेल, हा भौतिकशास्त्र व पदार्थविज्ञानाचा विषय आहे. पॅनेलमधून निघालेल्या एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून तो ग्रिडला जोडणे हे विद्युत आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे काम आहे. वादळी वाऱ्यात टिकून राहील असा सांगाडा उभारणे स्थापत्य अभियंत्याकडे जाते. सूर्याची उष्णता थेट वापरायची असेल, तर यंत्र अभियांत्रिकीतील उष्णतेचे शास्त्र लागते. शिर्डी येथील साई संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्या बसवून स्वयंपाकासाठी वाफ तयार करण्याची यंत्रणा उभारण्यात आली. तिच्यात सौर घटाचा संबंधच येत नाही. सौरऊर्जा म्हणजे निळे-काळे पॅनेल, एवढीच कल्पना घेऊन महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते.

अभ्यासक्रमाचा गाभा मात्र सौर घटाभोवतीच फिरतो. प्रकाशामुळे विद्युतदाब निर्माण होतो, हे एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलची कार्यक्षमता २० ते २३ टक्क्यांच्या दरम्यान असते. ती याहून फार का वाढत नाही, याचे उत्तर पदवीच्या वर्गातच मिळते. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश वाया जातो आणि अधिक ऊर्जेच्या प्रकाशाचा वरचा भाग उष्णतेत जातो. या कारणांमुळे एका संधीच्या घटाची कार्यक्षमता सुमारे ३३ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, हे शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ मध्ये गणिताने मांडले. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवून ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न सुरू असून प्रयोगशाळेत अशा जोडघटांनी ३४ टक्क्यांचा टप्पा पार केला आहे.

भारतीय हवामानाशी थेट संबंध असलेला धडा तापमानाचा आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि प्रति चौरस मीटर १,००० वॅट प्रकाशात मोजलेली असते. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्याच्या दुपारी घटाचे तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकते. प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्के घट धरली, तर ५४० वॅटचे पॅनेल त्या वेळी ४६५ वॅटच्या आसपास वीज देते. कडक ऊन म्हणजे अधिक वीज, हा सर्वसाधारण समज येथे अपुरा ठरतो. धूळ, सावली आणि वायरिंगमधील गळती यांचा हिशेब त्यानंतर करावा लागतो.

सौरऊर्जेची स्वतंत्र पदवी ही संकल्पना जगातही फार जुनी नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००० मध्ये असा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. भारतात मुंबई आणि दिल्ली येथील आयआयटीमध्ये ऊर्जा अभियांत्रिकीची बी.टेक. पदवी उपलब्ध आहे. तिचा आवाका सौरऊर्जेपुरता मर्यादित नाही. इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांत सौरऊर्जा बहुधा वैकल्पिक विषय असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमानुसार पदवीसाठी १६० श्रेयांक असून, आणखी १८ ते २० श्रेयांक मिळवल्यास दुय्यम विषयाची नोंद पदवीवर होऊ शकते. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला ही वाट सोयीची आहे.

तीन वर्षांच्या बी.व्होक. पदवीचा मार्गही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१४ च्या योजनेनुसार पहिल्या वर्षानंतर पदविका, दुसऱ्या वर्षानंतर प्रगत पदविका आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी मिळते. शिक्षणाचा ६० टक्के भाग कौशल्याचा असतो. शिक्षण मध्येच थांबवावे लागण्याची शक्यता असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही सोय लहान नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल अशा जागांसाठी ही पदवी ग्राह्य धरली जाते. जेथे अभियांत्रिकीचीच पदवी मागितली जाते तेथे मात्र ती पुरत नाही, आणि प्रवेशाच्या वेळी हे नेहमीच सांगितले जाते असे नाही. २०१५ मध्ये सुरू झालेला ‘सूर्यमित्र’ कार्यक्रम पदवीचा नसून, पॅनेल बसवणे व देखभाल यांसाठीचे ते अल्प मुदतीचे प्रशिक्षण आहे. या दोहोंची गल्लत अनेक जाहिरातींत दिसते.

उपलब्ध पर्यायांकडे पाहता, अभियांत्रिकीला जाऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याने विद्युत शाखेचा पाया घेऊन सौरऊर्जेकडे वळणे अधिक सुरक्षित ठरते. वीज वितरण कंपन्या आणि अनेक सार्वजनिक उपक्रम अभियंत्यांची भरती करताना शाखेचे नाव पाहतात. दुसरे कारण तंत्रज्ञानाच्या वेगाचे आहे. २०१५ च्या सुमारास बाजारात ॲल्युमिनियमचा मागील थर असलेल्या घटांचे वर्चस्व होते. काही वर्षांतच त्यांची जागा ‘पर्क’ घटांनी घेतली, आणि २०२४ पर्यंत ‘टॉपकॉन’ घट पुढे निघून गेले. एकाच प्रकारच्या घटाची कृती शिकलेल्याचे ज्ञान चार-पाच वर्षांत जुने होते. अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र आणि विद्युत मंडलांचे गणित होत नाही. संशोधनाची ओढ असेल, तर बी.एस्सी. भौतिकशास्त्राचा मार्गही तितकाच चांगला आहे.

प्रवेशापूर्वी महाविद्यालय पाहण्यास गेल्यावर माहितीपत्रक बाजूला ठेवून छतावर जाण्याची परवानगी मागावी. तेथे चालू असलेला सौर संच आहे का, त्याच्या दैनंदिन वीजनिर्मितीच्या नोंदी विद्यार्थ्यांना मिळतात का, सूर्यप्रारण मोजणारा पायरॅनोमीटर आणि पॅनेलचा विद्युतप्रवाह-दाब आलेख काढणारे उपकरण आहे का, आणि ते कपाटात बंद नाही ना, हे विचारावे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अहवाल चाळल्यास बरेच काही कळते. एक किलोवॅटचा संच देशाच्या बहुतेक भागांत दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देतो. आपल्या छतावर तो किती देतो आणि फरक का पडतो, हे ज्या विभागातील विद्यार्थी सांगू शकतात, तेथे अध्यापन होत आहे असे समजण्यास हरकत नाही.

परिभाषेची अडचण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात जाणवते. ‘प्रकाशविद्युत’, ‘प्रारण’, ‘अर्धवाहक’ हे शब्द शालेय पुस्तकांत भेटतात. वर्गात आणि कामाच्या जागी फोटोव्होल्टाइक, रेडिएशन, सेमीकंडक्टर हेच चालतात. दोन्ही संज्ञा शेजारी लिहिलेली एक वही पहिल्या दोन महिन्यांत पुरेशी होते.

पदवीनंतर पुढील अभ्यासासाठी मुंबई आयआयटीमधील राष्ट्रीय प्रकाशव्होल्टीय संशोधन व शिक्षण केंद्र आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा ऊर्जा अभ्यास विभाग या राज्यातील संस्था आहेत. गुरुग्रामजवळील ग्वाल पहाडी येथील राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेत चाचणी व प्रशिक्षणाचे काम चालते. नोकरीच्या जागा राजस्थानातील भडला किंवा कर्नाटकातील पावगडा येथील सौर उद्यानांत, पॅनेल निर्मितीच्या कारखान्यांत आणि छतांवरील संचांच्या क्षेत्रात आहेत. फेब्रुवारी २०२४ मधील पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवल्यापासून या शेवटच्या क्षेत्रात लहान शहरांतूनही आराखडा, नेट मीटरिंग आणि तपासणी जाणणाऱ्या पदवीधरांची गरज निर्माण झाली आहे. अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेले असावे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी, एनआयटीसाठी जेईई मेन आणि आयआयटीसाठी त्यापुढील जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा द्यावी लागते.